अंतराळावरची पॉडकास्ट स्पर्धा: पहिल्यांदा उतरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थ्यांच्या पॉडकास्ट स्पर्धांमध्ये अंतराळ संशोधन हा विषय दिसला की बहुतेक गट एकच काम करतात: चांद्रयान, मंगळयान, गगनयान अशी माहिती गोळा करतात, तिचा निबंध लिहितात आणि तो फोनसमोर वाचतात. मेहनत खरी असते, पण ऐकणाऱ्याचं लक्ष दुसऱ्या मिनिटालाच उडतं. हा लेख अशा गटांसाठी आहे. आठवी-नववीतल्या मुलांपासून कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत कुणीही, हाताशी एक साधा स्मार्टफोन आणि शाळेतला किंवा घरचा एक कॉम्प्युटर असेल तर, पाच मिनिटांचा ऐकण्यासारखा भाग बनवू शकतो. त्यासाठी विषय निवडतानाच एक प्रश्न विचारायला हवा: या गोष्टीत ऐकवण्यासारखं काय आहे?

वर्षातून तीन वेळा या विषयाला हमखास निमित्त मिळतं. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिवस असतो (चांद्रयान-३ उतरलं तो दिवस, २०२४ पासून साजरा होतो). ४ ते १० ऑक्टोबर हा जागतिक अंतराळ सप्ताह. आणि २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. अमेरिकेत एनपीआर या सार्वजनिक रेडिओने २०१९ साली शाळकरी मुलांसाठी पहिली पॉडकास्ट स्पर्धा घेतली, न्यूयॉर्क टाइम्सनेही अशी स्पर्धा घेतलेली आहे. तिथले निवडून आलेले भाग इंटरनेटवर आहेत, विषय कोणताही असो, दोन-चार नक्की ऐका. मुलांचे आवाज साधे असतात, स्टुडिओ नसतो, तरी गोष्ट धरून ठेवते.

नियम आधी, उत्साह नंतर

नियमपत्रक सगळ्या गटाने एकत्र बसून वाचा आणि पाच गोष्टी वहीत उतरवून घ्या: कमाल लांबी, भाषा, फाइलचा प्रकार, संगीताबद्दलची अट आणि कृत्रिम आवाज चालतो की नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पर्धेत मर्यादा पाच मिनिटांची होती, आणि अशा ठिकाणी पाच मिनिटं दहा सेकंद म्हणजे बाद. श्रेयनामावली लांबीत धरतात का, हे लिहिलेलं नसेल तर आयोजकांना विचारून घ्या.

कृत्रिम आवाजाची परवानगी असली तरी माझं मत विचाराल तर तो वापरू नका. परीक्षकांना तुमचा आवाज ऐकायचा असतो. बोलण्यात वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळण असेल तर ते झाकू नका. स्पष्ट बोललात म्हणजे पुरे.

विषय: जितका लहान तितका बरा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एक पूर्ण आठवडा गेला तरी तो वाया जात नाही.

'भारताचा अंतराळ कार्यक्रम' हा पाच मिनिटांचा विषय होऊ शकत नाही. 'चांद्रयान-३' सुद्धा मोठाच आहे. पण चांद्रयान-३ च्या शेवटच्या एकोणीस मिनिटांत मात्र एक भाग नक्की बसतो: सुमारे तीस किलोमीटर उंचीवरून विक्रम लँडर खाली येऊ लागतो, पृथ्वीवरून आता कुणी काही करू शकत नाही, सगळे निर्णय त्याचे त्यालाच घ्यायचे आहेत, आणि चार वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये, याच टप्प्यात चांद्रयान-२ चा विक्रम लँडर हातातून निसटलेला आहे. हे सगळं २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी संपतं. त्याच क्षणी तुमच्या शाळेत, बस स्टँडवर, आजीच्या घरी टीव्हीसमोर काय चाललं होतं, हे विचारत फिरलात तर तुमचा भाग तयार झाला. इस्रोची माहिती सगळ्यांकडे असते, तुमच्या गावातली ती संध्याकाळ मात्र तुमच्याकडेच आहे.

महाराष्ट्र-गोव्याच्या मातीत अशा बऱ्याच गोष्टी आहेत. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटची 'विकास' नावाची इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनली, त्याच्या दोन मोठ्या बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात. तिथे काम करणारे कुणाचे तरी काका किंवा शेजारी असतीलच. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं आहे, म्हणून चंद्र आणि मंगळावरची विवरं समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ तिथे येतात. तिथल्या गावकऱ्यांशी आणि वाटाड्यांशी बोलता येतं.

गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांचा भैरवीतला आवाज १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत, म्हणजे पृथ्वीवरचे आवाज भरलेल्या ध्वनिमुद्रिकेत, गेला. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, आणि ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. याच तबकडीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यात मराठीही आहे. व्हॉयेजर १ आता इतकं दूर आहे की त्याचा रेडिओ संदेश आपल्यापर्यंत यायला २३ तासांहून जास्त लागतात. आवाजाच्या स्पर्धेसाठी याहून नेमका विषय मला तरी सुचत नाही.

आणि खोडद. नारायणगावजवळच्या या गावाच्या आसपास जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या चौदा मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या, सगळा पसारा मिळून सुमारे २५ किलोमीटरचा. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तबकड्या जाळीच्या का, हा प्रश्न पुणे-नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर असं की ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्यांची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी आहे, त्यामुळे लहरींना जाळी म्हणजे सलग आरसाच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. याच दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्कियापरेली यानाचा क्षीण संदेश ऐकला होता. ही घटना मी पुढे नमुन्याला घेणार आहे.

विषय ठरला की एका वाक्यात लिहून पाहा: 'आमच्या भागात अमुक माणूस अमुक करायला जातो आणि त्याला अमुक अडचण येते.' वाक्य जमत नसेल तर तुमच्याकडे अजून फक्त माहिती आहे, गोष्ट सापडलेली नाही. शोधत राहा.

माहिती तपासताना

अंतराळाबद्दल चुकीच्या गोष्टी फार आत्मविश्वासाने फिरतात आणि परीक्षकांत एक तरी विज्ञानाचा माणूस असतोच. तीन उदाहरणं, कारण ती हमखास येतात.

'चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरलं.' ते उतरलं सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. तिथून ध्रुव सहाशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. 'दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात' म्हणा. तेवढ्या दक्षिणेला त्याआधी कुणीही अलगद उतरलेलं नव्हतं, हे खरं आहे आणि पुरेसं मोठंही आहे.

'अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं.' स्थानक जेमतेम चारशे किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहतात, म्हणून ती तरंगताना दिसतात. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला तिथे राहून आले, त्यामुळे बरेच गट हा विषय घेतील. हे वाक्य तिथे जपून लिहा.

'नासाने सूर्यातून येणारा ओंकार रेकॉर्ड केला.' हा संदेश घरोघरी फोनवर आलेला आहे, म्हणून त्याचं जरा नीट पाहू. सूर्य आणि पृथ्वीच्या मधे हवा नाही, तेव्हा सूर्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचूच शकत नाही. सूर्याचा पृष्ठभाग मात्र खरोखरच थरथरतो, एका हेलकाव्याला साधारण पाच मिनिटं लागतात. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाने मोजलेली ही कंपनं शास्त्रज्ञांनी ४२,००० पट वेगाने वाजवली तेव्हा कानाला ऐकू येणारा एक खोल घुमारा तयार झाला. मूळ गोष्टच इतकी थक्क करणारी आहे की तिला वेगळ्या आधाराची गरज नाही. हवं तर यावरच भाग करा: आजोबांच्या फोनवर आलेला संदेश, आणि त्याचा माग काढत जाणारी नात. आजोबांचा मान राखून.

प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून घेतला ते वहीत लिहा. इस्रो, नासा, ईसा (युरोपची अंतराळ संस्था) यांची स्वतःची माहिती किंवा संशोधन संस्थेचं पत्रक असेल तर ते आधी, बातमी त्यानंतर. दोन ठिकाणी आकडा वेगळा आला आणि उलगडा झाला नाही, तर तो आकडा सोडून द्या. कुणाचं काही अडत नाही.

मुलाखत

एक तरी जिवंत माणूस भागात बोलला पाहिजे. तो मोठा शास्त्रज्ञ असायलाच हवा असं नाही. विज्ञान दिनाला खोडदच्या आवारात आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत लोकांसाठी दारं उघडी असतात, तिथे संशोधक स्वतः उभं राहून मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशनिरीक्षण करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांतली हौशी मंडळी शाळकरी मुलांशी फार आपुलकीने बोलतात. शिक्षकांच्या सहीचं छोटं पत्र आधी पाठवा, विषय आणि लागणारा वेळ त्यात स्पष्ट लिहा.

प्रश्न असे विचारा की समोरच्याला काहीतरी आठवावं लागेल. 'तुम्हाला अभिमान वाटला का?' याचं उत्तर 'हो, खूप' एवढंच येतं. 'तुम्ही त्या वेळी कुठे बसला होतात? शेजारी कोण होतं? पहिलं वाक्य कोण बोललं?' असं विचारलं की माणूस त्या खोलीत परत जातो. उत्तर संपल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहा. लोक बहुतेक वेळा सगळ्यात चांगलं वाक्य या शांततेनंतर बोलतात. मधे 'हं, हं, बरोबर' करू नका, नुसती मान हलवा, नाहीतर एडिटिंगमध्ये तुमचा हुंकार त्यांच्या शब्दावर बसलेला सापडेल.

रेकॉर्डिंग सुरू करताच त्यांच्याकडूनच नाव, काम आणि 'हे रेकॉर्डिंग स्पर्धेसाठी वापरायला माझी हरकत नाही' एवढं बोलून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचा आवाज असेल तर पालकांची लेखी संमती घ्या.

आवाज जमवणं

अंतराळाच्या पॉडकास्टची खरी मजा आणि खरी जबाबदारी या टप्प्यात आहे. तुमच्या हाती येणारे आवाज तीन जातींचे असतात आणि त्यांची सरमिसळ झाली तर श्रोत्याची फसवणूक होते.

पहिली जात, खरंच मायक्रोफोनने टिपलेले आवाज. पर्सिव्हिअरन्स ही नासाची गाडी १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरली, तिच्यावर दोन मायक्रोफोन होते. मंगळाच्या वाऱ्याचा आवाज त्यांनी आपल्याला ऐकवला, गाडीची धातूची चाकं दगडांवरून जातानाचा खडखडाट ऐकवला, आणि ३० एप्रिल २०२१ ला इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या चौथ्या उड्डाणाची गुणगुणही. हेलिकॉप्टर गाडीपासून ८० मीटर लांबून उडालं होतं आणि एवढ्या विरळ हवेत ते ऐकू येईल याची शास्त्रज्ञांनाही खात्री नव्हती. ही गुणगुण हेडफोन लावून ऐका. ८४ हर्ट्झचा अगदी खालचा सूर आहे. मंगळाची हवा पृथ्वीच्या हवेच्या सुमारे एक टक्का दाट, तीही बहुतांश कार्बन डायऑक्साइडची, त्यामुळे वरच्या पट्टीचे सूर वाटेतच विरतात. तुमच्या गटातल्या कुणी टाळी वाजवली तर ती मंगळावर कशी ऐकू येईल, हा एका मिनिटाचा सुंदर प्रयोग होतो: टाळी रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये वरचे सूर कापा, आवाज खूप खाली आणा आणि दोन्ही टाळ्या पाठोपाठ ऐकवा.

दुसरी जात, मोजमापांपासून बनवलेले आवाज. वर सांगितलेला सूर्याचा घुमारा यातला. पर्सियस दीर्घिका समूहातल्या कृष्णविवराभोवतीच्या वायूतले तरंग नासाने २०२२ मध्ये ऐकवले, ते मूळ सुराच्या ५७ आणि ५८ सप्तकं वर उचलून. हे आवाज वापरायला काहीच हरकत नाही, फक्त निवेदनात एक वाक्य हवं: 'ही कंपनं माणसाला ऐकू येत नाहीत, शास्त्रज्ञांनी ती वेग वाढवून ऐकू येतील अशी केली आहेत.' तेवढ्या एका वाक्यावरून परीक्षकांना कळतं की या गटाला विषय समजला आहे.

तिसरी जात, तुम्ही स्वतः तयार केलेले. रॉकेटच्या गडगडाटासाठी पत्रा हलवा, यानाच्या बीपसाठी कॉम्प्युटरवर एक सूर बनवा, गावातला रात्रीचा किरकिरणारा आवाज टिपा. हेही चालतात, पण ते तुमचे आहेत हे श्रोत्याला कळू द्या.

परवानगीचं काय? नासाची ध्वनिमुद्रणं साधारणपणे शैक्षणिक कामासाठी मोकळी असतात. श्रेय द्यावं लागतं आणि नासाने तुम्हाला पाठिंबा दिल्याचा भास होता कामा नये. ईसा आणि इस्रोच्या अटी वेगळ्या आहेत, त्यांच्या संकेतस्थळावर वाचा आणि गरज असेल तर शिक्षकांमार्फत ईमेल करून परवानगी मागा. वाहिन्यांची थेट प्रक्षेपणं, सिनेमातली गाणी, कलाकारांची ध्वनिमुद्रणं यांना हात लावू नका. सोनेरी तबकडीवरचं सगळं मोकळं आहे असंही समजू नका. केसरबाईंवर भाग करत असाल तर तुमच्या वर्गात गाणं शिकणारी एखादी मुलगी असेल, तिच्याकडून भैरवीतले दोन आलाप गाऊन घ्या. हक्कांचा प्रश्न सुटतो, शिवाय आजच्या मुलीचा आवाज त्या गोष्टीत येतो.

आणि शांतता हाही आवाजच. चंद्रावरून पृथ्वीवर रेडिओ संदेश यायला सव्वा सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत किमान अडीच सेकंद. हे वाक्य म्हणून सांगण्याऐवजी दोन मुलांचा संवाद रेकॉर्ड करा, 'चंद्रावरून' येणाऱ्या प्रत्येक उत्तराआधी मोजून अडीच सेकंद मोकळे ठेवा. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर हा आकडा श्रोता विसरेल, ती वाट पाहणं विसरणार नाही.

संहिता

मराठी निवेदनाचा आरामशीर वेग मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द असतो. पाच मिनिटांत मुलाखत आणि आवाज धरून तुमच्या तोंडी चारशे-साडेचारशे शब्द येतील, त्याहून जास्त लिहू नका. स्वतःचा वेग एकदा घड्याळ लावून पाहा, माणसागणिक तो बदलतो.

सुरुवात करताना 'प्राचीन काळापासून मानवाला आकाशाचं आकर्षण आहे' हे वाक्य मनातही आणू नका. 'नमस्कार, मी अमुक, आज आपण पाहणार आहोत' हेही पहिल्या वीस सेकंदांत नको. ओळख नंतर करून देता येते. आधी श्रोत्याला एखाद्या जागी नेऊन उभं करा. खोडदच्या घटनेची सुरुवात मी अशी लिहीन:

(रात्रीच्या किड्यांची किरकिर, चार सेकंद. मग त्यावर एक बारीक बीप, थोड्या थोड्या वेळाने.)

पहिली निवेदिका: १९ ऑक्टोबर २०१६. रात्रीचे आठ वाजून गेलेत. जुन्नर तालुक्यात, खोडदच्या माळावर, राक्षसी तबकड्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत. मंगळाच्या दिशेला.

दुसरा निवेदक: तिकडे या घडीला एक यान मंगळाच्या हवेत शिरतंय. त्याचा संदेश इथे पोचायला जवळजवळ पावणेदहा मिनिटं लागतात.

पहिली: म्हणजे आपण ऐकतोय ते…

दुसरा: होऊन गेलेलं.

(बीप. बीप. बीप. मग नुसती किरकिर, तीन सेकंद.)

पहिली: संदेश थांबला. यान जमिनीला टेकायला एक मिनिटही उरलं नव्हतं. हा बीप आमच्या वर्गात तयार केलाय. पण ही शांतता त्या रात्री खोडदमध्ये खरोखर पसरली होती.

इथून पुढे गोष्ट आपसूक चालते. काय झालं? यानाच्या फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण काही क्षण आपल्या कमाल मर्यादेला जाऊन अडकलं. त्या चुकीच्या मोजमापावरून संगणकाने उंची काढली ती जमिनीच्या खालची आली. यान उतरलंच आहे असं समजून त्याने पॅराशूट सोडलं आणि खाली येण्याचा वेग आवरणारी इंजिनं तीनेक सेकंदांत बंद केली. खरं तर यान अजून ३.७ किलोमीटर उंचावर होतं. हे कारण श्रोत्याला चौथ्या मिनिटाला कळलं पाहिजे, पहिल्या नाही. मधल्या वेळेत जाळीच्या तबकड्या, गोविंद स्वरूप, आणि एवढ्या लांबचा क्षीण संदेश पुणे जिल्ह्यात का ऐकायचा, हे सगळं येतं. प्रश्न उघडा ठेवला की श्रोता माहिती आनंदाने ऐकतो.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. वाक्यं लहान ठेवा, एका श्वासात एकच आकडा. आणि 'सदर', 'उपरोक्त', 'याद्वारे' असे शब्द काढून टाका, बोलताना ते कुणीच वापरत नाही. संहिता कागदावर चांगली वाटली तरी मोठ्याने वाचून पाहा. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य बदला. दोन निवेदक असतील तर एकाने अर्धं वाक्य बोलायचं आणि दुसऱ्याने पुरं करायचं असं ओळीने करू नका. त्यापेक्षा एकाला खरोखर माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्याने त्याला सांगावी. प्रश्नातलं कुतूहल आवाजात उतरतं.

रेकॉर्डिंग

वर्गखोली ही सगळ्यात वाईट जागा. उघड्या भिंती, फरशी, सगळीकडून आवाज परत येतो. घरातली कपड्यांच्या कपाटाची खोली, गाद्या रचलेला कोपरा, किंवा दोन खुर्च्यांवर गोधडी टाकून केलेला तंबू यापैकी काहीही चालेल. पंखा बंद, फ्रीज शेजारच्या खोलीत असेल तर दार लावून घ्या, फोन विमान मोडवर. कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाल्यांच्या हाका टाळायच्या तर दुपारी दोन-तीनची वेळ बरी.

फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला की 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा धक्का बसतो. सोपा नियम: जिथे फोन धरलाय तिथे तळहात ठेवून 'पृथ्वी' म्हणा, हाताला फुंकर लागली तर फोन अजून बाजूला न्या. आवाजाची पट्टी रेकॉर्डिंगमध्ये दिसत असेल तर ती उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या मधे नाचू द्या. लाल रंगाला टेकली की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज पुढे कुठेही शिवता येत नाही.

संपल्यावर लगेच उठू नका. त्याच जागी, सगळ्यांनी गप्प बसून, अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये वाक्य कापलं की मधे जी पोकळी दिसते ती या रिकाम्या आवाजाने भरायची असते. नवखे गट हमखास विसरतात ते हेच.

फाइल एकमेकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर व्हॉइस मेसेज म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस मेसेज आवाज दाबून टाकतो.

एडिटिंग

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. निवेदन, मुलाखत, आवाज आणि संगीत वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवा. पहिल्या फेरीत फक्त बोलणं लावा, काही सजवू नका. ते सलग ऐकून गोष्ट कळते का पाहा. कळली तरच पुढे जा. आवाज आणि संगीत दुसऱ्या फेरीत.

संगीत बोलण्याच्या मागे अखंड वाजत ठेवायची सवय सोडा. दोन-तीन ठिकाणी दहा-दहा सेकंद पुरेत. वाद्य वाजवणारी मित्रमंडळी असतील तर बासरी किंवा पेटीची एखादी धून त्यांच्याकडूनच घ्या. मुलाखतीतल्या माणसाची वाक्यं कापताना अर्थ बदलत नाही ना, हे दोघांनी तपासा. 'असं मला तेव्हा वाटायचं' मधला 'तेव्हा' कापला तर तुम्ही त्यांच्या तोंडी वेगळंच मत घातलंत.

शेवटी मूळ प्रकल्प जसाच्या तसा जपून ठेवा आणि स्पर्धेसाठी एमपी३ काढा. १२८ केबीपीएसला पाच मिनिटांची फाइल पाचेक एमबीची होते, कुठल्याही अर्जात ती सहज चढते.

पाठवण्याआधी

हेडफोनवर एकदा ऐका, मग फोनच्या साध्या स्पीकरवर ऐका. हेलिकॉप्टरच्या गुणगुणीसारखे खालचे सूर लहान स्पीकरवर गायब होतात, तेव्हा त्यावर अवलंबून असलेलं वाक्य श्रोत्याला हवेत लटकल्यासारखं वाटेल. अशा ठिकाणी निवेदनात 'हेडफोन असतील तर लावा' एवढं म्हणून घ्या.

मग गटाबाहेरच्या, विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी ऐकवा आणि त्यांच्याकडे पाहा. ज्या सेकंदाला ते फोनकडे बघतात तो सेकंद लिहून घ्या आणि तिथे कापा. ऐकून झाल्यावर गोष्ट त्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. जे त्यांनी चुकीचं सांगितलं ते तुम्ही अस्पष्ट मांडलेलं आहे.

अर्जात वर्णन मागतात. त्यात वापरलेल्या प्रत्येक आवाजाचं श्रेय, कुठला आवाज मूळ, कुठला मोजमापांपासून केलेला आणि कुठला तुमचा, हे तीन ओळींत लिहा. फाइलच्या नावात शाळेचं नाव चालतं का ते नियमात पाहा. काही ठिकाणी परीक्षकांपासून ओळख लपवायची असते. मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवा, शेवटच्या तासाला संकेतस्थळं हमखास अडतात. आणि ज्यांनी मुलाखत दिली त्यांना तयार भाग त्याच दिवशी पाठवा, निकालाची वाट न पाहता. पुढच्या वर्षी तुमच्याच शाळेतला दुसरा गट त्यांच्या दारात जाणार आहे.